हॅरियटची पत्रे आणि कल्पित अवयवांचा भागाकार

१. विषयप्रवेश

ग्रंथ एकदा छापून झाला म्हणजे त्याची मूळ हस्तलिखित पत्रे जतन करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न संग्राहकांस वारंवार विचारला जातो. बखरी, करीने व पत्रव्यवहार यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आपल्या अभ्यासकांस ठाऊक आहे. छापणाराने गाळलेली एक ओळ कित्येकदा साऱ्या प्रकरणाचा अर्थ फिरविते. परंतु गणिताच्या कागदांविषयी समज निराळा आढळतो. सिद्धांत छापला गेला, उत्तर हाती आले. मग आकडेमोडीचे सुटे कागद ते काय ठेवावयाचे, असे विद्वान लोकही म्हणतात.

हा समज किती घातक आहे, हे दाखविण्यास इंग्रज गणिती टॉमस हॅरियट (१५६०–१६२१) याच्या कागदांची हकीकत पुरेशी आहे. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ साली, त्याचे बीजगणित लंडनमध्ये छापले गेले. ते वाचून कोणीही असेच म्हणेल की, या पुरुषास ऋण संख्येच्या वर्गमूळाची ओळख नव्हती. त्याची पत्रे पाहता मात्र असे दिसते की, ही ओळख त्यास होती. इतकेच नव्हे तर असे मूळ ज्यात दडलेले आहे, असा अवयव घेऊन त्याने समीकरणे रचली होती. छापील पुस्तक एक सांगते व कागद दुसरेच सांगतात. यात खरे कोण, याचा निकाल लावणारा साक्षीदार म्हणजे आकडेमोडच होय.

हा साक्षीदार काय बोलतो, हे समजण्यासाठी बहुपद राशीस कल्पित अवयवाने भाग कसा द्यावयाचा, येवढे कळणे अवश्य आहे. वाचकांस बेरीज, वजाबाकी व गुणाकार येत असले म्हणजे पुढील विवेचनास अधिक तयारी लागत नाही.

२. हॅरियट व त्याचे दप्तर

हॅरियट हा ऑक्सफर्डचा पदवीधर. सर वॉल्टर रॅली याच्या पदरी राहून तो १५८५ साली उत्तर अमेरिकेतील रोअनोक येथील वसाहतीत गेला व पुढील वर्षी परतला. त्या मुलुखाचे वर्णन करणारे लहानसे पुस्तक १५८८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या हयातीत छापलेला त्याचा ग्रंथ काय तो हाच. पुढे नॉर्थम्बरलंडचा नववा अर्ल हेन्री पर्सी याने त्यास वर्षासन दिले व टेम्सच्या काठी सायन हाउस येथे राहण्याची सोय केली. हा अर्ल १६०५ सालच्या दारूगोळ्याच्या कटाच्या संशयावरून सोळा वर्षे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. धनी कैदेत आणि आश्रित अभ्यासात, अशी ती वर्षे गेली. १६०९ साली दुर्बिणीतून पाहून हॅरियटने चंद्राचे चित्र काढले, ते गॅलिलिओच्या चित्रांच्याही आधीचे होय. तेही त्याने छापले नाही.

मृत्यूपूर्वी थोडे दिवस त्याने मृत्युपत्र केले. संग्राहकांनी ते मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. गणिताचे कागद नॅथॅनिएल टॉर्पोर्ली याने पाहावेत, मुख्य लेख टाकाऊ कागदांपासून वेगळे काढावेत व छापण्याजोगे करावेत. जेथे अर्थ लागणार नाही तेथे वॉल्टर वॉर्नर व दुसऱ्या एका स्नेह्याचा विचार घ्यावा. काम उरकल्यावर कागद कुलूपबंद पेटीत घालून अर्लच्या ग्रंथालयात ठेवावेत व किल्ली अर्लच्या हाती द्यावी, असे त्यात आहे. रॅलीच्या हिशेबांचे व आयर्लंडमधील जुन्या हिशेबांचे पिशव्यांत भरलेले कागद मात्र जाळून टाकावेत, असेही त्याने लिहिले. काय जाळावे व काय राखावे, याचा विचार त्याने केला होता. आणि गणिताची पत्रे त्याने राखण्यात काढली होती.

प्रत्यक्षात संपादन झाले ते टॉर्पोर्लीकडून नव्हे, तर वॉर्नरकडून. ‘आर्टिस अॅनालिटिके प्रॅक्सिस’ या लॅटिन नावाने १६३१ साली निघालेल्या ग्रंथावर संपादकाचे नावही नाही. टॉर्पोर्ली या आवृत्तीवर अत्यंत असंतुष्ट होता. मूळ पत्रांचा क्रम व आशय बिघडविला, असा आक्षेप घेऊन त्याने तिचे खंडन करणारा लेख लिहावयास घेतला. तो अपुरा राहिला व सायन कॉलेजच्या संग्रहात पडून राहिला.

मूळ कागद अर्लच्या घराण्याबरोबर वारसाने ससेक्समधील पेटवर्थ येथील वाड्यात गेले व विस्मरणात पडले. १७८४ साली फ्रान्झ झेवर फॉन झाख या ज्योतिर्विदाने ते तेथे पाहिले व त्यांची वार्ता प्रसिद्ध केली. ऑक्सफर्ड येथे ते छापण्याचा विचार झाला. परंतु कागद छापण्यायोग्य नाहीत, असा अभिप्राय पडून ते परत गेले. १८१० साली त्यांतील मोठा भाग ब्रिटिश म्यूझियमला देण्यात आला व काही भाग पेटवर्थलाच राहिला. आज ब्रिटिश लायब्ररीत ६७८२ ते ६७८९ या क्रमांकांच्या आठ बाडांत ती चार हजारांहून अधिक पत्रे आहेत.

ही बाडे बांधणाराने हॅरियटचा क्रम पाळलेला नाही. एकाच प्रकरणाची पत्रे निरनिराळ्या बाडांत, काही लंडनला व काही पेटवर्थला, अशी विखुरली. परंतु हॅरियटने समीकरणांवरील पत्रांच्या शिरावर लहान अक्षरे व अंक घालून ठेवले होते. त्या खुणा व टॉर्पोर्लीची टिपणे यांच्या साह्याने जॅकलिन स्टेडॉल या विदुषीने हा निबंध पुन्हा जुळविला व २००३ साली ऑक्सफर्डहून इंग्रजीत प्रसिद्ध केला. म्हणजे मृत्यूनंतर ३८२ वर्षांनी हॅरियटचे बीजगणित त्याच्या स्वतःच्या क्रमाने वाचावयास मिळाले.

३. ऋणाचे वर्गमूळ

कोणतीही संख्या धन असो वा ऋण असो, तिचा वर्ग धनच येतो. म्हणून ऋण संख्येस वर्गमूळ संभवत नाही. हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्याने ‘गणितसारसंग्रहा’त तो सांगितला आणि भास्कराचार्याने ‘बीजगणिता’त त्याचाच पुनरुच्चार केला. हॅरियटचा समकालीन टीकाकार कृष्ण दैवज्ञ याने सतराव्या शतकाच्या आरंभी ‘बीजगणिता’वरील आपल्या टीकेत याची उपपत्तीही दिली. हे घराणे मूळचे विदर्भातील दधिग्रामचे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्याची माहिती सापडते. ‘नवांकुर’ नावाने ओळखली जाणारी ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० साली छापली आहे. ऋण हा कोणाचा वर्ग, हे आधी दाखवा. धनाचा म्हणाल तर धनाचा वर्ग धन, ऋणाचा म्हणाल तर ऋणाचाही वर्ग धनच. तेव्हा ऋण हा वर्गच नव्हे, अशी त्याच्या विचाराची दिशा आहे. तर्क निर्दोष आहे. प्रचलित संख्यांच्या मर्यादेत याहून निराळे उत्तर नाही.

युरोपात या मर्यादेबाहेर पाऊल पडले ते तर्काच्या बळावर नव्हे, तर आकडेमोडीच्या रेट्याने. कार्दानोने १५४५ साली प्रश्न घेतला: दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० यावा. उत्तर येते ५ + √−१५ व ५ − √−१५. त्याने गुणाकार करून पडताळा दाखविला, पण ही गोष्ट सूक्ष्म तितकीच निरुपयोगी, असे म्हणून सोडून दिली. बोंबेल्लीने १५७२ साली एक पाऊल पुढे टाकले. ज्या अव्यक्ताचा घन हा त्या अव्यक्ताच्या पंधरापटीत चार मिळविल्याबरोबर होतो, ते अव्यक्त ४ आहे, हे पाहताच कळते. परंतु कार्दानोच्या रीतीने गेल्यास वाटेत √−१२१ आडवे येते. बोंबेल्लीने २ + √−१ याचा घन करून तो २ + √−१२१ येतो, हे दाखविले. दोन बाजूंची दोन घनमूळे मिळविली की कल्पित भाग परस्परांस खातात व ४ उरतात. अशक्य म्हणून टाकलेली राशी शक्य उत्तरापर्यंत पोचविते, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

४. हॅरियटची रीत

हॅरियटच्या आधीचे लेखक दिलेले समीकरण सोडविण्याच्या खटपटीत असत. हॅरियटने प्रश्न उलटा केला: समीकरण उत्पन्न कसे होते? त्याने अव्यक्तास एक अक्षर दिले व त्याचे वर्ग, घन इत्यादी घात तेच अक्षर पुन्हा पुन्हा लिहून दाखविले. आपण अव्यक्त ‘अ’ मानू. मग वर्ग अअ, घन अअअ, आणि चतुर्घात अअअअ. आता अ वजा ब आणि अ वजा ग असे दोन अवयव घेऊन गुणाकार केला तर

अअ − (ब + ग) अ + बग

अशी राशी येते. ही राशी शून्य होण्यास दोहोंपैकी एक अवयव शून्य झाला पाहिजे. म्हणून अ एक तर ब असेल किंवा ग असेल. तीन अवयव घेतले तर घन-समीकरण, चार घेतले तर चतुर्घात-समीकरण. समीकरण हे अवयवांच्या गुणाकाराचे फळ आहे आणि त्याची मुळे अवयवांत स्पष्ट दिसतात, हा सारा मुद्दा आहे. आज शाळेतील मुलासही ठाऊक असलेली ही गोष्ट त्या काळी नवी होती.

पत्रांत एकेरी अवयवांबरोबर अअ + दफ अशा रूपाचा दुहेरी अवयवही येतो. याची मुळे काढू गेल्यास अअ = −दफ, म्हणजे ऋणाचे वर्गमूळ पुढे उभे राहते. हॅरियट तेथे थांबला नाही. त्याच्या पत्रांतील एक समीकरण असे आहे:

१२ = ८ अ − १३ अअ + ८ अअअ − अअअअ

याची मुळे चार: २, ६, √−१ व −√−१. पहिल्या दोहोंस तो वास्तव म्हणतो व शेवटच्या दोहोंस ‘नोएटिकल’. हा शब्द बुद्धीवाचक ग्रीक शब्दापासून आलेला आहे. ‘बुद्धिगम्य’ असा त्याचा अर्थ करता येईल. कार्दानोने ज्यास निरुपयोगी म्हटले व पुढे देकार्तने ज्यास कल्पित म्हटले, त्यास हॅरियटने डोळ्यांस न दिसणारे परंतु बुद्धीस पटणारे असे नाव दिले. नावातही मनुष्याची भूमिका दिसते.

५. मुळे कशी निघतात

वरील समीकरण सर्व पदे एका बाजूस आणून असे लिहू:

अअअअ − ८ अअअ + १३ अअ − ८ अ + १२ = ०

अव्यक्तात ठरावीक संख्या मिळवून किंवा वजा करून समीकरणातील दुसरे पद नाहीसे करण्याची युक्ती त्या काळी प्रचलित होती व हॅरियटही ती योजितो. येथे घनाचा गुणक −८ आहे. त्याचा चौथा हिस्सा २. म्हणून अ = इ + २ असे मानून विस्तार केला असता घनाचे पद जाते, शेवटची संख्याही शून्य होते आणि राहते ते असे:

इइइइ − ११ इइ − २० इ = ०

सर्व पदांत इ आहे. तो काढून घेतला तर एक उत्तर इ = ०, म्हणजे अ = २. बाकी राहिले इइइ − ११ इ − २० = ०. यात इ = ४ घालून पाहिले तर ६४ − ४४ − २० = ०; म्हणून दुसरे उत्तर इ = ४, म्हणजे अ = ६. आता इ − ४ ने भाग दिला तर भागाकार येतो

इइ + ४ इ + ५

व शेष काही राहत नाही. याची मुळे काढण्यास पूर्ण वर्ग केला तर इ + २ याचा वर्ग −१ होतो. परंतु इ + २ म्हणजेच मूळचा अ. सबब अअ = −१. वास्तव मुळे भागाकाराने काढून घेतल्यावर तळाशी जे उरले, ते अअ + १ हेच. हॅरियटने आपण होऊन कल्पित राशी आणली, असे नव्हे. चार मुळांपैकी दोन उचलली की उरलेली दोन समीकरण स्वतःच पुढे करते.

६. कल्पित अवयवाने भागाकार

हॅरियटच्या पत्रांत अवयवांचा गुणाकार आहे. भागाकार ही त्याचीच उलट क्रिया. ती चालवून त्याच्या मुळांचा पडताळा घेता येतो. √−१ बद्दल ‘क’ लिहू. एकच नियम लक्षात ठेवावयाचा: क × क = −१.

भाज्याचे गुणक क्रमाने १, −८, १३, −८, १२ असे आहेत. भाजक अ − क. रीत अशी: पहिला गुणक जसाचा तसा खाली उतरावा, त्यास क ने गुणून पुढील गुणकात मिळवावे, जे येईल त्यास पुन्हा क ने गुणून त्यापुढील गुणकात मिळवावे, असे शेवटपर्यंत करावे. शेवटी येणारी संख्या हा शेष. (हा संक्षेप पुढे रुफ्फिनी व हॉर्नर यांच्या नावांनी प्रसिद्ध झाला; त्यांचे लेख अनुक्रमे १८०४ व १८१९ चे.)

पहिले पद: १
दुसरे पद: −८ + क
तिसरे पद: १३ + क(−८ + क) = १३ − ८क − १ = १२ − ८क
चौथे पद: −८ + क(१२ − ८क) = −८ + १२क + ८ = १२क
शेष: १२ + क(१२क) = १२ − १२ = ०

शेष शून्य, म्हणून √−१ हे मूळ खरे. भागाकार मात्र विचित्र दिसतो:

अअअ + (−८ + क) अअ + (१२ − ८क) अ + १२क

मूळ समीकरणात कल्पिताचा मागमूस नव्हता आणि भाग देताच पहिले पद सोडून प्रत्येक पदात ते शिरले. आता या भागाकारास जोडीच्या अवयवाने, म्हणजे अ + क ने, भाग द्यावा. या वेळी −क ने गुणावयाचे:

पहिले पद: १
दुसरे पद: −८ + क − क = −८
तिसरे पद: १२ − ८क + ८क = १२
शेष: १२क − १२क = ०

राहिले अअ − ८ अ + १२, म्हणजे अ − २ आणि अ − ६ यांचा गुणाकार. पहिल्या भागाकारात शिरलेले कल्पित दुसऱ्यात समूळ निघून गेले. ज्या बहुपदीचे गुणक वास्तव आहेत, तिच्यात कल्पित अवयव नेहमी असे जोडीनेच येतात. दोहोंचा गुणाकार आधीच करून एकदम अअ + १ ने भाग दिला तर कल्पिताचे दर्शनही होत नाही; उत्तर तेच येते. हॅरियटचा अअ + दफ हा दुहेरी अवयव म्हणजे अशी बांधलेली जोडी होय.

यातून संपादकांस एक धडा मिळतो. अशा कामाच्या मधल्या पायरीचे पत्र सुटे सापडले, तर ते वेड्याच्या आकडेमोडीसारखे दिसेल. मागचे व पुढचे पत्र जवळ असेल तरच त्याचा अर्थ लागतो. ज्या दप्तराचा क्रम मोडला, त्यातील अशी पत्रे टाकाऊ म्हणून बाजूस पडणे अगदी स्वाभाविक आहे.

७. गेलेले अंक भरून काढणे

कल्पित मुळाचा उपयोग केवळ तात्त्विक नाही; फाटक्या पत्राच्या कामीही तो येतो. कल्पना करा की वरील समीकरणाच्या पत्रास कसर लागली असून वर्गाचा व अव्यक्ताचा असे दोन गुणक नष्ट झाले आहेत. मुळांपैकी काही तेवढी शाबूत आहेत. गेलेल्या अंकांस प व त म्हणू:

अअअअ − ८ अअअ + प अअ − त अ + १२ = ०

मुळांपैकी फक्त २ वाचता येत असेल तर ते घालून १६ − ६४ + ४प − २त + १२ = ०, म्हणजे २प − त = १८ येवढेच मिळते. प १३ व त ८ असू शकेल. प १२ व त ६ असू शकेल. प १० व त २ हेही चालेल. एका अटीवरून दोन अज्ञात ठरत नाहीत.

परंतु वाचता येणारे मूळ √−१ असेल तर? ते घातले असता चतुर्घात १, घन −क व वर्ग −१ होतो; म्हणून

१ + ८क − प − तक + १२ = ०

किंवा (१३ − प) + (८ − त)क = ०. वास्तव भाग व कल्पित भाग परस्परांस कधी खाऊ शकत नाहीत. दोन्ही स्वतंत्रपणे शून्य झाले पाहिजेत. म्हणून प = १३ व त = ८, निःसंशय. एका कल्पित मुळाने दोन अंक परत मिळविले. एका वास्तव मुळाने एकच मिळविला असता. याचे कारण उघड आहे: कल्पित मूळ आपल्या जोडीदारास बरोबर घेऊनच येते.

अक्षर लागत नाही तेथे संपादक अनुमानाने कंसात पाठ भरतो व त्यावर वाद होतात. येथे पाठ भरला, तो सिद्धही झाला. मात्र त्यासाठी मुळांची यादी शिल्लक पाहिजे. ज्या संपादकाने कल्पित मुळे निरर्थक म्हणून नकलेतून गाळली, त्याने पाठशुद्धीचे हे साधनही वाचकाच्या हातून काढून घेतले.

८. मुद्रित ग्रंथ व देकार्तचा वाद

१६३१ च्या ग्रंथात अवयवांच्या गुणाकाराने समीकरणे रचण्याची रीत आहे. समीकरणे वर्गवारीने मांडली आहेत. लहान-मोठे दाखविणाऱ्या आज प्रचलित असलेल्या खुणा प्रथम याच ग्रंथात छापल्या गेल्या. परंतु मुळे म्हणून विचार केला आहे तो धन मुळांचा. ऋण व कल्पित मुळांचे हॅरियटने केलेले विवेचन त्यात आलेले नाही. अर्धे झाड छापले व अर्धे तोडले.

सहा वर्षांनी, १६३७ साली, देकार्तची ‘भूमिती’ प्रसिद्ध झाली. त्यात अव्यक्तातून मूळ वजा करून येणाऱ्या अवयवाने समीकरणास निःशेष भाग जातो, हे सांगितले आहे. आणि ज्या मुळांस वास्तव संख्या मिळत नाही त्यांस ‘कल्पित’ हे नाव दिले आहे. त्याचे उदाहरण असे की, घन वजा सहा वर्ग अधिक तेरा अव्यक्त वजा दहा बरोबर शून्य. यात वास्तव मूळ एक २ व बाकीची दोन कल्पित. २ चा अवयव काढून घेतल्यास क्षक्ष − ४ क्ष + ५ उरते.

जॉन वॉलिस याने १६८५ सालच्या आपल्या बीजगणितात, देकार्तने हॅरियटच्या ग्रंथातून उचल केली, असा जाहीर आरोप केला व त्यावर इंग्रज व फ्रेंच विद्वानांत बराच काळ कडाक्याचा वाद माजला. आता कागद समोर असता या वादाचे दोन भाग करता येतात. अवयवांची रीत १६३१ च्या ग्रंथात असल्याने ती देकार्तने पाहिली होती की काय, हा प्रश्न विचारता येतो. परंतु कल्पित मुळांपुरता आरोप मुद्रित ग्रंथाच्या आधारे टिकत नाही. जे छापलेच नाही, ते छापील ग्रंथातून उचलता कसे येईल? उलट पक्षी, छापील ग्रंथावरून हॅरियटवर अज्ञानाचा ठपका ठेवणारे जे लेखक झाले, त्यांचाही आधार कोसळतो. कारण गाळणारा संपादक होता, लेखक नव्हता.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. वर पाचव्या कलमात उरलेली राशी इइ + ४ इ + ५ ही होती. देकार्तच्या उदाहरणात क्षक्ष − ४ क्ष + ५ उरते. फरक एका चिन्हाचा. हे साम्य पाहून उचलेगिरी सिद्ध झाली असे कोणी म्हणू लागेल. परंतु कल्पित मुळांचे सोपे उदाहरण रचू पाहणाऱ्या कोणाच्याही लेखणीतून २ व √−१ यांची जोडी सहज उतरते. बोंबेल्लीच्या घनमूळातही तीच आहे. आकड्यांचे साम्य हा संबंधाचा पुरावा नव्हे. कागद कोणाच्या हाती केव्हा पडले, हे स्वतंत्र साधनांनी दाखविल्याशिवाय असे अनुमान करू नये.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

एक: हॅरियटने १६२१ पूर्वी कल्पित मुळे समीकरणाच्या मुळांत बरोबरीने गणली होती. याचा पुरावा त्याच्या पत्रांत आहे, त्याच्या मुद्रित ग्रंथात नाही.

दोन: ही मुळे तेथे योगायोगाने लिहिली गेलेली नाहीत. भागाकार करून पाहता शेष शून्य येतो, व कल्पित अवयवांची जोडी काढून घेतली की राहिलेल्या राशीतून २ व ६ ही मुळे आपोआप निघतात. लिहिणाऱ्यास आपण काय लिहितो, हे ठाऊक होते.

तीन: हे आज सिद्ध करता येते ते पत्रांच्या शिरावरील क्षुल्लक वाटणाऱ्या अक्षरांमुळे आणि असंतुष्ट टॉर्पोर्लीच्या टिपणांमुळे. बाडे बांधताना या खुणा कापल्या गेल्या असत्या किंवा सायन कॉलेजातील ती टिपणे गहाळ झाली असती, तर पत्रे असूनही निबंध जुळविणे अतिशय दुर्घट झाले असते.

आपल्याकडील ज्योतिषी व हिशेबनीस घराण्यांच्या रुमालांतही आकडेमोडीची सुटी पाने भरपूर निघतात. यादी करताना त्यांपुढे ‘किरकोळ हिशेब’ असे लिहून मोकळे होण्याची वहिवाट आहे. ती सोडावी, अशी संग्राहकांस विनंती आहे. पान ज्या क्रमाने सापडले तो क्रम टिपावा. शिरावरील, समासातील व पाठीवरील प्रत्येक खूण नकलून घ्यावी. निरनिराळ्या रुमालांत एकाच हाताची पाने आढळली तर त्यांचा परस्परांत उल्लेख करावा. आणि जी आकडेमोड चुकीची किंवा निरर्थक वाटते ती नक्कल करताना दुरुस्त करू नये. निरर्थक दिसणारी पायरी ही दोन अर्थपूर्ण पायऱ्यांमधील असू शकते, हे −८ + क या गुणकाने दाखविलेच आहे. तिची परीक्षा करण्याचे साधन कोणासही उपलब्ध आहे: गुणाकार उलटा फिरवावा, भाग द्यावा आणि शेष काय राहतो ते पाहावे.